पाहुण्यांचे ठोकळे

सोमवारपासून सांगते, नाहीतर तुम्हाला काही कळणार नाही. आणि मधे "मग?" म्हणायचं नाही कुणी. मी तशीही पळतच सांगणार आहे.

सोमवारी सकाळी अकराला आमच्या सिव्हिल इंजिनीअरिंगच्या लॅबमध्ये पहिल्या वर्षाची तीस पोरं दाटीवाटीनं उभी होती आणि मी त्यांना गोचीड दाखवत होते. गोचीड हे आम्ही ठेवलेलं नाव. कागदोपत्री त्या यंत्राला दीड ओळीचं नाव आहे, ते मलाही प्रबंधात बघूनच लिहावं लागतं. तळहाताएवढी चपटी चकती, खांबाला लावली की चिकटते आणि दिवसभर सोडत नाही. ती काँक्रीट ऐकते.

हसू नका. काँक्रीट कधीच गप्प नसतं. ऊन लागलं की फुगतं, संध्याकाळी आकसतं, आणि दर वेळी आत कुठंतरी केसाहून बारीक चीर किंचित पुढं सरकते. तेव्हा टिक् होतं. आपल्या कानाला कळणार नाही एवढं बारीक. आता माल ओतताना कुणी जास्त पाणी घातलं असेल तर ते पाणी पुढं उडून जातं आणि मागं पोकळ्या राहतात. तिथली टिक् भुसभुशीत येते. दाट मालाची खणखणीत येते. गोचीड दिवसभरात अशा हजारो टिक् गोळा करते आणि शेवटी एक आकडा देते, काँक्रीटची ताकद किती तो. तीस पाहिजे तिथं तीस आला तर पास. भोक पाडायचं नाही, तुकडा काढायचा नाही, काही नाही. दोन वर्षांत अकरा जिल्ह्यांत गेली गोचीड. लग्न ठरवताना फ्लॅटचा आकडा विचारतात लोक आता, माझ्या मावसबहिणीचं स्थळ बावीसवर मोडलं.

पण खांबासाठी बनवलेली गोचीड लॅबमधल्या ठोकळ्याला कुठं चिकटवणार? म्हणून मी तिचं एक पिल्लू केलं होतं. अक्कल तिचीच, फक्त सहा इंची ठोकळ्याला जरा गरम-गार करून दहा मिनिटांत ऐकणारं. पोरांना दाखवायला म्हणून, बाकी काही उद्देश नाही. ठोकळे मीच भरलेले, सिमेंट, वाळू, खडी, पाणी सगळं स्वतः वजन करून. अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवून काढलेले.

पिल्लानं सांगितलं, अडतीस.

मी ऐटीत म्हटलं, "आता हाच ठोकळा फोडून बघूया." आवटीमामांनी तो सीटीएममध्ये ठेवला. सीटीएम म्हणजे ठोकळा दाबून फोडायचं यंत्र, आणि मामा म्हणजे ते चौतीस वर्षं चालवणारे आमचे लॅब असिस्टंट. काटा चढत गेला, पोरांनी कानांवर हात ठेवले, ठोकळा फुटला.

सव्वीस.

पुढं उभा असलेला ओजस नावाचा उंच पोरगा म्हणाला, "ताई, नापास कोण झालं? ठोकळा का यंत्र?"

सगळे हसले. मीही हसले. दुसरा ठेवला. पिल्लू एक्केचाळीस, सीटीएम अठ्ठावीस. तिसरा, छत्तीस आणि पंचवीस. ओजस म्हणाला, "ताई, तुमचं यंत्र आमच्या आजीसारखं आहे, सगळ्यांना दहा मार्क जास्तच देतं." मी त्यांना कँटीनला हाकललं आणि तिथंच स्टुलावर बसले.

कारण गुरुवारी बिरोबा माळावरची टाकी भरायची होती.

टाकीचं सांगते. आमचं घर त्याच वॉर्डात. आठ पायांवर उभी, पाच लाख लिटरची पाण्याची टाकी. सहा वर्षांपूर्वी खालून गिलावा पडला म्हणून कुणीतरी धोकादायक असा फलक लावला आणि टाकी रिकामी केली. तेव्हापासून आम्ही टँकरवर. त्यातून आता टँकरला ड्रायव्हर नसतो. टँकर आपला आपण येतो, सात मिनिटं उभा राहतो आणि जातो. तुमचा पाइप निसटला, तुमची म्हातारी मधे पडली, त्याला काही देणंघेणं नाही. आधीच्या ड्रायव्हरला निदान शिव्या तरी देता यायच्या.

तर गेल्या महिन्यात नगरपालिकेनं आमच्या विभागाला विचारलं. मी आठ पायांना आठ गोचिडी लावल्या. आठही पाय तीसच्या वर, एकतीस, तेहतीस. पास. रिपोर्टवर माझी सही, खाली माझ्या गाइड डॉ. रेवती कुरुंदवाडे मॅडमची सही. त्या दिवशी शेजारच्या जयश्रीकाकींनी मला रस्त्यात धरून पेढा भरवला. त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय आणि तरी त्या रोज अकरा कळश्या चढवतात. म्हणाल्या, "शर्वे, तुझ्या शिक्षणाचं सोनं झालं बघ." गुरुवारी पालकमंत्री येऊन चाक फिरवणार होते.

आणि माझं यंत्र दहा-बारा मार्क जास्त देत होतं.

मंगळवारी सकाळी मी अजून नऊ ठोकळे फोडले. नऊच्या नऊ तसेच, दर वेळी दीडपटीच्या आसपास. असं सरळ एकाच बाजूला चुकतं तेव्हा यंत्र बिघडलेलं नसतं हो. त्याला कुणीतरी चुकीचं शिकवलेलं असतं.

शिकवलं मीच होतं. आता हे नीट ऐका, सगळी गोष्ट इथं आहे. गोचिडीला शिकवायचं म्हणजे तिला शेकडो इमारती ऐकवायच्या आणि प्रत्येक वेळी सांगायचं, बाई, हा आवाज आणि ही त्याची खरी ताकद. पण खरी ताकद कळायला इमारत फोडणार का? मॅडमना सुचलं की आपल्याकडे क्यूब रजिस्टर, म्हणजे ठोकळ्यांचं, आहेच. कुठंही बांधकाम चाललं की त्याच मालाचे ठोकळे भरून आमच्या लॅबमध्ये फोडायला पाठवावे लागतात, नियम आहे. तीस वर्षांची रजिस्टरं लॅबच्या कपाटात. कुठली शाळा, कुठला पूल, किती आकडा. मी दोन वर्षं गोचिडी घेऊन चारशेबारा इमारती हिंडले. इमारतीचा आवाज एका बाजूला, रजिस्टरमधला आकडा वयाचा हिशोब लावून दुसऱ्या बाजूला. त्यातल्या ऐंशी बाजूला ठेवून यंत्राची परीक्षाही घेतली. चूक फक्त चार टक्के. परदेशात टाळ्या मिळाल्या आम्हाला त्या चार टक्क्यांवर.

परीक्षेचे ऐंशीही त्याच रजिस्टरमधले. कळतंय का?

मामा झाडू मारत ठोकळ्यांचा चुरा गोळा करत होते. मी म्हटलं, "मामा, हे रजिस्टर खोटं आहे का हो?"

"माझं रजिस्टर?" मामा भडकलेच. "चौतीस वर्षांत एक आकडा खोडला नाही मी. जे फुटलं ते लिहिलं."

"मग?"

"मग काय मग? आलेत ते ठोकळे खरे फोडलेत. ते ठोकळे कुठल्या मालाचे, हे मला का विचारतीस?" झाडू भिंतीला टेकवून ते माझ्याकडं बघायला लागले. "शर्वी, तू इथंच शिकलीस ना? पाहुण्यांचे ठोकळे माहीत नाहीत तुला?"

माहीत होते. तेच तर. सगळ्या सिव्हिलवाल्यांना माहीत असतात. साइटवर रोजचा माल एक आणि लॅबला पाठवायचे ठोकळे वेगळे. घमेल्यात बाजूला कालवायचे, सिमेंट हात सैल सोडून घालायचं, छान ठोकून भरायचे आणि ओल्या माथ्यावर खिळ्यानं तारीख कोरायची. घरच्यांना कसाही चहा चालतो, पाहुण्यांना आलं घालून, तसंच. बी.ई.ला असताना मीच असल्या ठोकळ्यांवर गॅदरिंगमध्ये नक्कल केली होती, मुंडावळ्या बांधून. आणि नंतर दोन वर्षं तीच रजिस्टरं मी खरी धरून चालले. कारण ती विभागाची होती, त्यांच्यावर शिक्का होता आणि मला चारशेबारा आकडे पाहिजे होते.

अजून एक सांगते, हे सांगताना मला लाज वाटते. आमच्या प्रत्येक रिपोर्टच्या तळाशी एक ओळ छापलेली असते: निकाल फक्त आणून दिलेल्या नमुन्यापुरता आहे. स्कॅन करताना ती ओळ यंत्राच्या वाचनात मधे मधे यायची. म्हणून मी तळाची पट्टी कापत गेले. प्रत्येक पानाची.

मी तशीच मॅडमच्या केबिनमध्ये घुसले. एका दमात सांगितलं सगळं. मॅडम म्हणजे, तुम्ही बघितलंय त्यांना, कधी आवाज चढत नाही. चष्मा काढून टेबलावर ठेवला त्यांनी.

"बारा ठोकळे, शर्वी. बारा ठोकळ्यांवर तू चारशेबारा इमारती खोट्या ठरवतेस?"

"मॅडम, इमारती खोट्या नाहीत. आकडे खोटे आहेत."

"सगळे?"

"किती ते माहीत नाही. तेच तर वाईट आहे."

त्या उठल्या, खिडकीपाशी गेल्या, परत आल्या. "त्यातल्या निम्म्या पानांवर माझी सही आहे. मी नवीन लेक्चरर होते. पोती यायची, ठोकळे निघायचे, मी सही करायचे. कधी विचारलं नाही मी कुणाला." मग एकदम कामाला लागल्यासारख्या म्हणाल्या, "टाकीचा रिपोर्ट मागे घ्यायचा तर पाणी थांबणार. मंत्र्यांचा कार्यक्रम थांबणार. उद्या मला विचारतील, कशावरून? पिल्लावरून? पिल्लू तुझं नवीन आहे, ते कशावरून खरं? मला एक माणूस पाहिजे. त्या टाकीचे ठोकळे ज्यानं भरले तो. त्यानं एक ओळ लिहून द्यावी, माल वेगळा होता म्हणून. मी त्या मिनिटाला सगळं थांबवते."

"तो कुठं सापडणार, मॅडम? चोवीस वर्षं झाली."

"रजिस्टरमध्ये आणणाऱ्याचं नाव असतं."

परत लॅबमध्ये. मामांनी दोन हजार सतरा सालचं रजिस्टर काढलं, थुंकी लावून पानं उलटली. बिरोबा माळ, जलकुंभ, दक्षिणेकडील स्तंभ. सहा ठोकळे. आकडे, चाळीस, बेचाळीस, एक्केचाळीस. आणणाऱ्याचं नाव वाचून मामांनी रजिस्टर माझ्याकडं फिरवलं आणि चहा सांगायला निघून गेले.

किरण मगदूम, सुपरवायझर.

माझे पप्पा.

मला माहीत होतं की पप्पा साइटवर होते. अर्ध्या शहरात होते ते. पण ही टाकी त्यांची हे मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. मी तेव्हा तीन वर्षांची.

संध्याकाळी सात वाजता घरी पोचले तर पप्पा अंगणात निळे ड्रम घासत होते. टँकरच्या पाण्याचे आमचे पाच ड्रम. गुरुवारपासून नळाला पाणी, म्हणून घासून उलटे करून ठेवायचे चालले होते. शीळ घालत होते चक्क.

"पप्पा, टाकीचे क्यूब तुम्ही भरलेले?"

"कुठल्या टाकीचे?"

"आपल्या."

"होय की." घासणं चालूच.

"टाकीच्याच मालातले?"

"असं कोण भरतं का, खुळे?" ते हसले. मग माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हसू तसंच अर्धं राहिलं. "का? काय झालं?"

मी सांगितलं. सगळं नाही, थोडं. ते ड्रमच्या काठावर बसले.

"पंप अडकला होता त्या दिवशी," पप्पा म्हणाले. "दक्षिणेच्या पायात ओतत होतो आणि ऊन असं, की माल घट्ट झाला. साहेब म्हणाला, पाणी मारा. मारलं. बॅरलभर मारलं. मग म्हणाला, मगदूम, क्यूब झकास भर. मी भरले. अर्धी गोणी जास्त घातली. अठ्ठावीस वर्षांचा होतो, पहिलीच मोठी साइट."

"मग गेल्या महिन्यात, मी गोचिडी लावल्या तेव्हा, गप्प का बसलात?"

"गप्प कुठं?" त्यांनी एकदम वर बघितलं, आणि खरं सांगते, ते तोंड मला अजून दिसतं. "तुझ्या यंत्रानं टाकी ऐकली की. क्यूब नाही, टाकी. आणि पास म्हणालं. मला वाटलं, आपण उगाच भीत होतो. बसला असेल माल. शर्वी, चोवीस वर्षं मी त्या टाकीखालून गेलो नाही. बाजारातून वळसा घालून येतो, तुझ्या मम्मीला विचार. त्या दिवशी पहिल्यांदा खालून चालत आलो. सुटलो म्हटलं."

सांगावंच लागलं. "पप्पा, त्या यंत्राला शिकवलं कशावरून? तुमच्याच क्यूबवरून. तुमच्यासारख्या सगळ्यांच्या. तुम्ही जे लिहून पाठवलं तेच त्यानं तुम्हाला परत सांगितलं."

आत कुकरची शिट्टी झाली. मम्मीनं हाक मारली. आम्ही दोघं हललो नाही.

"एक ओळ लिहून द्या," मी म्हटलं. "माल वेगळा होता एवढीच. मॅडम थांबवतील."

"आणि?"

"आणि काय?"

"आणि उद्या जयश्रीवहिनी विचारेल, भावजी, माझ्या घराचा स्लॅबपण तुम्हीच टाकलाय. मी काय सांगू? हितं राहायचंय मला. त्या साहेबाला कोण विचारणार नाही, तो गेला वर. ठेकेदार गेला गोव्याला. राहिला कोण? मगदूम." आवाज चढला त्यांचा, "आणि तुला काय राहिलं गं? पाच वर्षं घातलीस, सगळं बुडेल तुझं."

"बुडू दे."

"सोपं आहे बोलायला."

"नाही सोपं! मी पेढा खाल्लाय त्यांचा!"

हे मी ओरडले. पप्पा उठले. एकेक करून पाचही ड्रम परत सुलटे केले, ओळीत लावले, आणि घरात गेले.

बुधवारी सकाळी मी उठले तेव्हा पप्पा घरात नव्हते. मॅडमना फोन केला, म्हटलं, माणूस सापडलाय पण लिहून देत नाही. त्या म्हणाल्या, "नाव सांग." मी नाही सांगितलं. नाही सांगता आलं मला. विभागात गेले, सवयीनं फोन उघडला, आणि बघते तर टाकीच्या आठ गोचिडी वेड्यासारख्या टिकटिकत होत्या.

अजून काढल्या नव्हत्या मी त्या. उद्यासाठी ठेवल्या होत्या, मंत्र्यांना दाखवायला. रिकाम्या टाकीत मिनिटाला पाच-सहा टिक् येतात. आता चाळीस येत होत्या. पाचव्या पायाला, दक्षिणेच्या, नव्वद. आणि बाजूला हिरवा दिवा, पास, पास, पास. ऐकत बरोबर होती हो बिचारी. अर्थ आम्ही चुकीचा शिकवलेला.

पाणीपुरवठ्याच्या नाईकवाडे साहेबांना फोन लावला. "साहेब, टाकीत काय चाललंय?"

"चाचणी," ते खुशीत म्हणाले. "मंत्री यायच्या आधी एकदा भरून बघायला नको? पहाटेपासून सोडलंय. निम्मी झाली."

मी गाडी कशी काढली मला आठवत नाही. वाटेत मॅडमना फोन लावला तर त्या मीटिंगमध्ये. बिरोबा माळावर पोचले तेव्हा टाकीखाली जत्रा भरल्यासारखे लोक. बायका कळश्या घेऊन, पोरं चड्डीवर. वरून पाणी पडल्याचा घुमा आवाज येत होता आणि सहा वर्षांनी तो आवाज ऐकून लोक नुसते वर बघत हसत होते. त्या आठ पायांच्या मधे. सगळे मधे उभे.

"साहेब, वॉशआउट उघडा," मी म्हटलं. टाकी रिकामी करायचा खालचा मोठा व्हॉल्व्ह असतो तो. "रिकामी करा आत्ताच्या आत्ता. आणि ह्यांना बाहेर काढा."

नाईकवाडे साहेब माणूस वाईट नाही. पण ते माझ्याकडं बघतच राहिले. "ताई, रिपोर्ट तुमचा. पास तुम्ही केली."

"चुकलंय माझं." मी फोन दाखवला. पाचवा पाय मिनिटाला एकशेदहा.

"सहा वर्षांनी वजन आलं की कुरकुरणारच की. आणि दिवा तर हिरवा आहे."

"दिवा खोटा आहे!"

"मग पत्र द्या. तोंडी मी पाच लाख लिटर गटारात सोडू? लोक मला सोडतील का?" बाजूला जयश्रीकाकी होत्या. त्या म्हणाल्या, "काय गं शर्वे? आता काय आणखी?" कुणीतरी मागून बोललं, "हिला मंत्र्यांकडनं हार पाहिजे असेल आधी." हसले लोक.

मी रडकुंडीला आले होते, खरंच. आणि तेवढ्यात पाचव्या पायापाशी मला पप्पा दिसले. कधी आले माहीत नाही, कदाचित पहाटेपासून तिथंच असतील. एक तळवा पायाला लावून उभे होते. जसं म्हशीच्या पोटाला हात लावून बघतात ना, तसे. त्यांना फोन बघायची गरज नव्हती. ते तिथून चालत आले, लोकांतून वाट काढत, आणि मला म्हणाले, "तुझ्या मॅडमना फोन लाव. मीटिंग असली तरी लाव. आवाज मोठा कर."

चौथ्यांदा लावल्यावर मॅडमनी उचलला. टाकी भरतेय, नाईकवाडे साहेब समोर आहेत, एवढंच मी सांगू शकले.

"मॅडम, मी किरण मगदूम. शर्वीचे वडील," पप्पा म्हणाले. मोठ्यानं, साइटवर बोलायचे तसे, म्हणजे सगळ्या माळाला ऐकू जाईल असे. "ह्या टाकीचे क्यूब मी भरले. त्यात सिमेंट जास्त घातलं मी. टाकीत नाही घातलं. ह्या पाचव्या पायात बॅरलभर पाणी ओतलंय माझ्यासमोर. क्यूब खोटे होते. लिहून देतो."

वरून पाण्याचा आवाज तेवढा येत होता.

जयश्रीकाकी म्हणाल्या, "भावजी?" एवढंच. मला तो आवाज कधी ऐकायला लागू नये परत.

फोनमधून मॅडम बोलल्या, नेहमीसारख्याच हळू. "नाईकवाडे, वॉशआउट उघडा. रिपोर्ट मागे घेतला. पत्र मागून येतंय." मग जरा थांबून, "शर्वी, फक्त हाच नाही. गोचिडीनं पास केलेल्या सगळ्या इमारती. एक हजार नऊशे चाळीस. सगळे मागे."

नाईकवाड्यांनी माणूस नाही बोलावला. स्वतः खाली बसून चाक फिरवायला लागले. गंजलेलं होतं. पप्पांनी दुसऱ्या बाजूनं धरलं. पाणी असं सुटलं की पोरं किंचाळत पळाली, माळावरून तांबडा लोट रस्त्याला लागला. आधी सगळे नुसते बघत राहिले. मग कुणीतरी कळशी खाली धरली, आणि मग सगळ्याच बायका. चिखलात उभ्या राहून, एकमेकींना ढकलत. पप्पा ओरडत होते, "लांबून भरा! पायांच्या मधे येऊ नका!" आणि कुणीच त्यांच्याकडं बघत नव्हतं. ऐकत होते, पण बघत नव्हते.

टाकी पडली नाही. हे सांगायलाच पाहिजे. पडली असती का? मला माहीत नाही, कुणालाच कळणार नाही आता. म्हणून निम्मा वॉर्ड अजून म्हणतो, मगदूमच्या पोरीनं आलेलं पाणी घालवलं. बुधवारी संध्याकाळी आम्ही रिकाम्या टाकीच्या पाचव्या पायातून मनगटाएवढा तुकडा कापून काढला आणि गुरुवारी सकाळी मामांनी तो फोडला. तिथं मॅडम, नाईकवाडे, पप्पा, मी. तीस पाहिजे होते. अठरा आले. मामांनी रजिस्टरमध्ये अठरा लिहिले आणि पहिल्यांदाच, न विचारता, पुढं लिहिलं, स्तंभातून प्रत्यक्ष काढलेला नमुना.

मॅडमनी खुर्ची ओढून पप्पांना बसवलं. कागद पुढं केला. पप्पांनी टाकीचं लिहिलं, सही केली. वाटलं, झालं. पण पेन खाली ठेवेनात. मग दुसरा कागद मागितला आणि लिहीत बसले. अर्धा तास. मधे मधे डोळे मिटायचे, आठवायचे, परत लिहायचे. मी बघितलं नाही काय लिहितात. मला भीती वाटत होती. शेवटी कागद मॅडमकडं सरकवला. मॅडमनी वाचला आणि आधी घड्याळ बघितलं.

बाहेर आलो. पप्पा गाडी चालवायला बसले, मी मागं. त्यांच्या पाठीला घामानं शर्ट चिकटला होता. मला बोलायचं होतं काहीतरी चांगलं. घरी जाऊ, मम्मी वाट बघतेय, असलं काहीतरी. चौकात डावीकडं आमचं घर. पप्पांनी गाडी उजवीकडं वळवली.

"पप्पा, कुठं?"

"त्या कागदावर अजून तेवीस आहेत, माझ्या हातच्या," ते म्हणाले. "शाळेपासून सुरू करू. सव्वाअकरा झालेत, पोरं वर्गात असतील."